दादाचे मशीन कपाटात आहे

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

बरेच दिवस पत्र नाही, याचा राग असेल तर तो भेटीत काढ. मी बरा आहे, शुगर आटोक्यात आहे. हे पत्र दादाविषयी आहे. झोपेत श्वासमार्ग उघडा राहावा म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅपचे मशीन लावणे त्याने बंद केले असून ते आता वहिनींच्या कपाटात नळी गुंडाळून ठेवले आहे.

राजगडावर पद्मावतीच्या देवळात त्याच्या घोरण्याला कंटाळून तू पथारी उचलून बाहेर गेला होतास. सकाळी तू ‘देवीलाही झोप लागली नाही’ म्हणालास आणि गुंजवणे येईपर्यंत दादा तुझ्याशी एक अक्षर बोलला नाही. ते घोरणे मध्येच थांबायचे आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास यायचा, आठवते ना? ते थांबणे हाच आजार, स्लीप ॲप्निया म्हणतात तो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून श्वास उघडतो, आणि दरवेळी रक्तदाब उसळतो. म्हणजे ज्या वेळी हृदयाला विश्रांती मिळायची, त्याच वेळी त्याची धावपळ होते. दादाच्या स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रभराच्या झोपेच्या तपासणीत, असे तासाला ४१ वेळा घडत होते. ३०च्या वर गेले की आजार तीव्र मानतात. प्राणवायूचा आलेख एके ठिकाणी ७२ टक्क्यांपर्यंत कोसळला होता. अँजिओप्लास्टी झालेल्या, रक्तदाबाच्या तीन गोळ्या घेणाऱ्या आपल्या माणसाचा तो कागद हातात धरवत नव्हता.

आता दादाचा युक्तिवाद ऐक. आयुष्यभर अभियंता म्हणून काढल्यामुळे तो आकड्यांशिवाय बोलत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेली ‘सेव्ह’ नावाची मोठी चाचणी त्याने शोधून काढली आहे. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेले आणि हा आजार असलेले २,७१७ रुग्ण त्यात होते, भारतातलेही होते. आणि सीपॅपमुळे पुढचे हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत. ‘मग मी तोंडाला सोंड का बांधून झोपायचे?’ असे तो विचारतो, आणि वहिनी निरुत्तर होतात.

निष्कर्ष खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण त्या चाचणीत मशीन सरासरी रात्री ३.३ तासच वापरले गेले, म्हणजे निम्मी रात्र श्वास पूर्वीसारखाच अडकत राहिला. शिवाय ज्यांना दिवसा अनावर झोप येत होती, त्यांना मुळातच घेतले नव्हते, कारण अशांना उपचाराविना ठेवणे धोक्याचे होते. दादा तर गेल्या महिन्यात सिग्नलला गाडी उभी असताना स्टिअरिंगवर मान टाकून झोपला होता. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला तेव्हा जागा झाला. जी चाचणी त्याच्यासारख्यांना वगळून झाली, तिच्या जोरावर तो मशीन कपाटात ठेवतो, याचा मला संताप येतो आणि भीतीही वाटते. त्याच चाचणीत दिवसाची पेंग कमी झाली, मनःस्थिती सुधारली, हे मात्र तो सांगत नाही. औषधांना दाद न देणारा रक्तदाबही सीपॅपने थोडा उतरतो. थोडाच, पण दादाच्या बाबतीत मला तेवढाही हवा आहे.

खरी अडचण मास्कची आहे. गालावर पट्ट्याचे वळ उठतात, पहाटे नाक कोरडे पडते. त्यावर उपाय आहेत. वेगळ्या मापाचा मास्क मिळतो, हवा दमट करणारी टाकी जोडता येते. पण दादा तक्रार करणार नाही, चाचणीचा दाखला देईल. त्याचा स्वभाव तुला माहीत आहे.

चिन्मयीचे कॉलेज सुरू झाले का? काकूंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट पार पडले ना? सविस्तर कळव.

आणि रविवारी सकाळी दादाला फोन कर. माझे तो ऐकत नाही, धाकटा ना मी. तुझ्याशी मात्र भांडता भांडता ऐकतो. हृदयाचा विषय काढू नकोस, आजारपणाची चौकशीही नको. मशीनमध्ये रोजच्या वापराचे तास नोंदलेले असतात, तेवढे वाचून दाखवायला सांग. आकडा तोंडून निघाला की पुढचे तो स्वतःच मांडेल.

तुझा,
विनायक