साकवाला फंड नाय म्हणे

संपादक साहेब, नमस्कार. पाऊस लागला की आमच्या वाडीचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) बंद, पोरांना शाळेला लांबचा वळसा, आणि पंचायतीत विचारलं तर उत्तर ठरलेलं, फंड नाय. अहो पण 2021-26 च्या पंधराव्या वित्त आयोगातून पंचायतीला मिळणाऱ्या निधीत 60 टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला, बाकी 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा, त्यातून साकव, पाखाडी (दगडी पायवाट) होऊ शकते की! पगाराला तर तो वापरता येतच नाय. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा आराखडा, खर्च सगळं मोबाईलवर दिसतं, बघतो कोण? चाकरमान्यांनी 15 ऑगस्टची ग्रामसभा गाठून आराखड्यात साकव घालायला लावा, नायतर परत पेव्हर ब्लॉकच बसतील, ते पण देवळासमोर.

एक वाचक, ता. राजापूर