माननीय क्रीडामंत्री, आमच्या मुलींना दहा हर्डल हवे आहेत

प्रति,
माननीय क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : सातारा जिल्ह्यातील मुलींच्या अडथळा शर्यतीच्या सरावासाठी प्रत्येक तालुक्यात हर्डलचा संच आणि जिल्ह्याला प्रशिक्षक मिळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी सत्तावीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले आणि त्यातील बहुतेक वर्षे मुलींना अडथळ्यांच्या शर्यतीसाठी तयार करण्याचा प्रयत्न केला. प्रयत्न केला असेच म्हणावे लागते, कारण ज्या वस्तूवरून ही शर्यत धावायची ती वस्तूच आमच्याकडे कधी पुरेशी नव्हती. याबाबत वेळोवेळी केलेल्या अर्जांच्या पोचपावत्या माझ्याकडे जपून ठेवलेल्या आहेत. उत्तर एकाही अर्जाला आले नाही. म्हणून हे पत्र उघडपणे आपल्याला लिहीत आहे. मागणी लहान आहे, पण ती का करावी लागते हे नीट सांगितले नाही तर ती क्षुल्लक वाटेल, तेव्हा थोडे विस्ताराने लिहिते.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांच्या १०० मीटर हर्डल्सची अंतिम शर्यत झाली. अमेरिकेची मसाई रसेल १२.३३ सेकंदांत पहिली आली, फ्रान्सची सिरेना साम्बा-मायेला १२.३४ सेकंदांत दुसरी आणि पोर्तो रिकोची जॅस्मिन कमाचो-क्विन १२.३६ सेकंदांत तिसरी. या शर्यतीत ८३.८ सेंटिमीटर उंचीचे १० हर्डल असतात. पहिला हर्डल सुरुवातीच्या रेषेपासून १३ मीटरवर, त्यापुढचा प्रत्येक ८.५ मीटरवर आणि शेवटच्या हर्डलपासून अंतिम रेषा १०.५ मीटरवर असते. पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकातला ०.०३ सेकंदांचा फरक या दहा हर्डलवर वाटून पाहिला, तर एका हर्डलच्या वाट्याला सेकंदाच्या हजार भागांपैकी जेमतेम तीन भाग येतात. एवढ्या बारीक हिशेबाची ही शर्यत आहे, आणि हा हिशेब डोक्याने नव्हे, पायांनी शिकावा लागतो.

त्याच पॅरिसमध्ये विशाखापट्टणमची ज्योती याराजी धावली. ऑलिंपिकमध्ये महिलांच्या १०० मीटर हर्डल्समध्ये उतरलेली ती पहिली भारतीय. ती उपांत्य फेरी गाठू शकली नाही, पण मला तिच्याबद्दल सांगायचे आहे ते वेगळे आहे. अनुराधा बिस्वाल यांनी २००२ साली नोंदवलेला १३.३८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम तब्बल वीस वर्षे कोणालाही मोडता आला नव्हता. मे २०२२ मध्ये ज्योतीने तो सायप्रसमध्ये १३.२३ सेकंदांवर आणला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चीनमधील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १२.७८ सेकंदांवर. दोनच महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत चुकीच्या सुरुवातीवरून झालेल्या गोंधळातही ती स्थिर राहून धावली आणि १२.९१ सेकंदांची वेळ नोंदवून तिने रौप्यपदक मिळवले. वीस वर्षे जागचा न हललेला विक्रम पंधरा महिन्यांत ०.६० सेकंदांनी खाली आला, तो काही त्या काळात भारतातल्या मुली अचानक अधिक जिद्दी झाल्या म्हणून नव्हे. सुरक्षारक्षकाच्या नोकरीवर घर चालवणाऱ्या वडिलांच्या या मुलीला आधी हैदराबादला आणि नंतर भुवनेश्वरला रोजच्या रोज योग्य धावपट्टी, योग्य हर्डल आणि ही शर्यत आतून जाणणारा प्रशिक्षक मिळाला. तिची मेहनत तिची स्वतःचीच होती. पण त्या मेहनतीला उभे राहायला जागा मिळाली.

आता आमच्याकडे काय होते ते सांगते.

हर्डल ही उंच उडी नाही. धावता धावता टाकलेले ते एक लांब पाऊल आहे. धावपटू हर्डलच्या साधारण दोन मीटर अलीकडे जमीन सोडते आणि साधारण एक मीटर पलीकडे टेकते, म्हणजे दोन हर्डलमध्ये साडेपाच मीटरच्या आसपास जागा उरते आणि तेवढ्या जागेत तिला तीनच पावले टाकायची असतात. तीन पावले पडली तर प्रत्येक हर्डलवर तोच पाय पुढे येतो. चार पडली तर नको तो पाय पुढे येतो, लय तुटते आणि शर्यत तिथेच संपते. ही तीन पावलांची लय दहाव्या हर्डलपर्यंत, पाय जड झालेले असताना टिकवणे, हेच या शर्यतीचे सारे शिक्षण आहे, आणि दहा हर्डल मांडल्याशिवाय ते कोणत्याही शिक्षकाला देता येत नाही.

आम्ही सुरुवात केली ती विटांवर विटा रचून, त्यावर कळकाची काठी आडवी ठेवून. मुरमाच्या मैदानावर फक्कीने खुणा करायच्या, टेपने साडेआठ मीटर मोजायचे आणि पाऊस पडून गेला की पुन्हा मोजायचे. पुढे गावातल्या एका वेल्डिंगवाल्याने लोखंडी पाइपचे तीन हर्डल करून दिले. पैसेही पाइपाचेच घेतले, मजुरी घेतली नाही. त्याचे उपकार मी विसरलेले नाही. पण ते हर्डल मुलींच्या पायांना सोसणारे नव्हते. स्पर्धेतला प्रमाणित हर्डल इंग्रजी एल अक्षरासारखा असतो, त्याच्या पायांत उंचीप्रमाणे सरकवता येणारी वजने असतात आणि वरच्या पट्टीच्या मध्यभागी ३.६ ते ४ किलोग्रॅम जोर पडला की तो पुढे कलंडतो. धावपटूचा पाय लागला तर हर्डल पडावा, धावपटू पडू नये, अशीच त्याची रचना असते. आमचा हर्डल पडत नसे. मुलगी पडत असे. नडगी एकदा त्या पाइपावर आपटली की पुढचे कित्येक दिवस ती मुलगी हर्डलजवळ येताच नकळत वेग कमी करते आणि गरजेपेक्षा वीतभर उंच उडते. शरीराने धरलेली ती भीती काढायला मला कधी कधी वर्ष लागले, आणि काही मुलींच्या बाबतीत ती निघालीच नाही.

त्या तीन हर्डलवर सराव करून माझी एक विद्यार्थिनी १७ वर्षांखालील गटात विभागीय स्पर्धेपर्यंत पोहोचली. नववीत होती, पायांत चांगली चपळाई होती आणि सांगितलेले लगेच आत्मसात करायची. त्या मैदानावर तिने सिंथेटिक ट्रॅकवर ओळीने मांडलेले दहा हर्डल आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. तिसऱ्या हर्डलपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. चौथ्याच्या आधी तिची चार पावले पडली, पाचव्याला पाय घासला आणि सहाव्याच्या पुढे ती थांबली. बाहेर आल्यावर रडली नाही. फक्त एवढेच म्हणाली, "बाई, चौथ्या हर्डलपर्यंत मी कधी गेलेच नव्हते." महोदय, त्या वाक्याने मला शिक्षिका म्हणून वाटलेली शरम आजही तशीच आहे. पुढच्या वर्षी ती खेळायला आली नाही, आणि तिला आग्रह करण्याचे धैर्य मला झाले नाही.

आपण म्हणाल, साताऱ्याने धावपटू दिलेच आहेत की. दिले आहेत, आणि त्याचा आम्हाला मनापासून अभिमान आहे. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या लांब शर्यतीच्या, पात्रता फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावा क्रमांक मिळवला. १९८४ नंतर ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पात्रता फेरीतून अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पण लांब पल्ल्याच्या धावण्याला लागणारा पाया आमच्या भूमीतच आहे. यवतेश्वरचा घाट आहे, अजिंक्यताऱ्याचा चढ आहे, कालव्याच्या कडेचे रस्ते आहेत आणि माणदेशातली मैलोन्मैल कोरडी माळराने आहेत. पहाटे उठून धावायला सरकारची परवानगी लागत नाही. दमसास घाटात कमावता येतो. साडेआठ मीटरची लय घाटात शिकता येत नाही. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी वेगवान मुली केवळ याच कारणाने हर्डल सोडून १५०० मीटरकडे वळल्या, आणि त्यातल्या काहींचे शरीर त्या अंतरासाठी घडलेलेच नव्हते.

१९८४ चा उल्लेख आला म्हणून आणखी एक आठवण करून देते. महिलांची ४०० मीटर हर्डल्स ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा धावली गेली ती त्याच वर्षी लॉस एंजेलिसला. पी. टी. उषा ५५.४२ सेकंदांत चौथ्या आल्या, तिसऱ्या क्रमांकापासून ०.०१ सेकंदाने दूर, आणि ती वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून तब्बल ३९ वर्षे टिकली. २०२३ मध्ये हांगझोऊला विद्या रामराजने तिच्याशी बरोबरी केली. लॉस एंजेलिसच्या त्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकणारी मोरोक्कोची नवल एल मुतवाकिल २००७ साली आपल्या देशाची क्रीडामंत्री झाली. मंत्र्याच्या खुर्चीत बसलेल्या व्यक्तीला हर्डल म्हणजे काय हे स्वतःच्या नडगीवरून ठाऊक असणे, हा योग सगळ्या देशांच्या नशिबी नसतो. तो योग नसेल तेथे आमच्यासारख्यांनी सांगावे आणि आपण ऐकावे, एवढीच अपेक्षा आहे.

साधने कोठेच नाहीत, असेही माझे म्हणणे नाही. एका क्रीडा संकुलात मी स्वतः प्रमाणित हर्डल पाहिले आहेत. ते भांडारगृहात एकावर एक रचून ठेवलेले होते आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशीच बाहेर निघत. सरावासाठी मागितले तेव्हा मोडले तर जबाबदारी कोणाची, असा प्रश्न विचारला गेला. ठिकाणाचे नाव लिहीत नाही, कारण तेथील कर्मचाऱ्याची अडचण मला समजते. मोडतोडीची भरपाई त्याच्या पगारातून होणार असेल तर तो कुलूप लावणारच. नियमच असा हवा की वापरून झिजलेल्या साधनाचा जाब कोणाला द्यावा लागणार नाही आणि न वापरता गंजलेल्या साधनाचा जाब मात्र द्यावा लागेल.

मुलींच्या बाबतीत वेळेचाही प्रश्न आहे. शाळा सुटल्यावर मैदानावर पोहोचून शरीर गरम करेपर्यंत गावाकडच्या शेवटच्या एसटीची वेळ होते. शाळेसाठी मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, त्यामुळे कितीतरी मुलींचे शिक्षण टिकले हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तीच सोय सरावाच्या मैदानापर्यंत वाढवली आणि मैदानावर कपडे बदलण्यासाठी आतून कडी लागणारी एक खोली असली, तर दहावीच्या आतच खेळ सोडणाऱ्या मुलींपैकी काही जणी तरी थांबतील.

माझी मागणी अशी आहे. सातारा जिल्ह्यात ११ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात एका मैदानावर उंची कमी-जास्त करता येणारे, नीट कलंडणारे १० हर्डल द्यावेत. आठ लेनसाठी ऐंशी नकोत, सरावाला एक लेन पुरते, म्हणजे साऱ्या जिल्ह्याला ११० हर्डल झाले. उंची बदलता येणे महत्त्वाचे आहे, कारण १८ वर्षांखालील मुलींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हर्डल ७६.२ सेंटिमीटरचा असतो, प्रौढ गटात तो ८३.८ होतो, आणि शिकाऊ मुलीला तर त्याहूनही खालून, अंतर जवळ घेऊन सुरुवात करावी लागते. जिल्ह्यासाठी हर्डल्सचा एक स्वतंत्र प्रशिक्षक नेमावा, शक्यतो महिला, आणि त्याने ठरलेल्या दिवशी तालुक्यातालुक्यात जावे, जेणेकरून मुलींना त्याच्यापर्यंत जावे लागणार नाही. प्रत्येक तालुक्यात ४०० मीटरचा सिंथेटिक ट्रॅक मागण्याइतकी मी अव्यवहारी नाही. पण १०० मीटर हर्डल्स सरळ रेषेत धावली जाते, तिला वळण लागत नाही, आणि चार लेनची एक सरळ सिंथेटिक पट्टी, शेवटी थांबायला पुरेशी मोकळी जागा ठेवून, काही तालुक्यांत तरी घालता येईल. ती होईपर्यंत मुरमाच्या मैदानावरही चांगले हर्डल चालतील. नडगी सुरक्षित राहील आणि दहाव्या हर्डलपर्यंत जाता येईल.

दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरतो आणि आमची मैदाने धावण्याजोगी वाळतात. त्याआधी निदान माण आणि कोरेगाव या दोन तालुक्यांत पहिले दोन संच पोहोचावेत, अशी विनंती आहे. हर्डल मांडायला, अंतर मोजायला आणि मुलींसमोर उभे राहायला मी आजही येऊ शकते. त्यासाठी मला मानधन नको.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
सातारा