हॅमस्टर हिरवा झालेला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही छापलंत की आता प्राणीही उन्हावर जगणार, जपानी शास्त्रज्ञांनी हिरवा हॅमस्टर तयार केला, आणि शेजारी पानांच्या रंगाचा एक गोंडस उंदीर. त्या दिवसापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो उंदीर फिरतोय आणि खालच्या मजल्यावरचे काका मला जिन्यात गाठून विचारतायत, मॅडम मग आता सकाळी गच्चीत बसलं की नाश्ता नको ना? एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवली त्यामुळे गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, यात हॅमस्टर कुठेच नाहीये. टोकियो विद्यापीठातल्या साचिहिरो मात्सुनागा यांच्या टीमने २०२४ मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला (म्हणजे बातमीही तशी शिळीच) तो चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयापासून तयार झालेल्या पेशींवर. या पेशी १९५७ पासून लॅबमध्ये वाढवल्या जातायत, औषध कंपन्या रोज वापरतात, काचेच्या बशीत वाढतात, त्यांना ना शेपूट ना मिशा. आणि दुसरं, बातमीत तीनदा "हरितद्रव्य पेशीत टाकले" असं आलंय. हरितद्रव्य नाही हो, हरितलवक! हरितद्रव्य म्हणजे नुसता हिरवा रंग आणि हरितलवक म्हणजे तो रंग, सगळी यंत्रं, स्वतःचा डीएनए असं सगळं असलेला अख्खा कारखाना. बारावीच्या पोराने असं लिहिलं असतं तर मी मार्क कापले असते.

आता जे खरं झालं ते सांगते, कारण ते तुमच्या उंदरापेक्षा भारी आहे. त्यांनी हरितलवक घेतले ते पालकाचे नाहीत की तंबाखूचे नाहीत, सायनिडिओस्कायझॉन मेरोली नावाच्या एका इवल्याशा शैवालाचे. हे शैवाल गरम पाण्याच्या झऱ्यात राहतं, ते पाणी चाळीसेक अंश तापलेलं आणि लिंबाच्या रसाइतकं आंबट, गटाने लाल शैवाल पण दिसायला निळसर हिरवं, आणि एका पेशीत हरितलवक फक्त एकच. प्राण्यांच्या पेशींचा इनक्युबेटर ३७ अंशांवर ठेवावा लागतो, तर तेवढी ऊब सोसणारा पाहुणा शोधायला नको का, म्हणून हे शैवाल. बरं हे हरितलवक सुईने टोचून आत घातले नाहीत, पेशींसोबत ठेवले आणि पेशींनी ते स्वतःच गिळले. एरवी प्राण्याची पेशी असलं काही गिळलं की पचवून मोकळी होते. इथे दोन दिवस हरितलवकांमध्ये प्रकाशावर इलेक्ट्रॉन पुढे सरकवायचं काम, म्हणजे उन्हातून अन्न बनवण्याची पहिली पायरी, चालू राहिलेलं मोजता आलं, आणि चौथ्या दिवसापर्यंत ते मोडकळीला आले.

तुमच्या बातमीत दोन दिवस हा शब्दच नाही! आणि मला विचाराल तर सगळी गंमत तिथेच आहे, दोनच दिवस का?

कारण हरितलवक हा मुळात एक स्वतंत्र जिवाणू होता, अब्जभर वर्षांहून आधी कुणीतरी गिळलेला आणि न पचलेला. रशियात मेरेश्कोव्हस्कीने १९०५ मध्ये हे सुचवलं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही, मग १९६७ मध्ये अमेरिकेत लिन मार्गुलिस यांनी तेच पुन्हा जोर लावून मांडलं, त्यांचा पेपर आधी कितीतरी जर्नल्सनी परत पाठवला होता. तर एवढ्या काळात या भाडेकरूने आपली बहुतेक जनुकं घरमालकाच्या केंद्रकात जमा करून टाकली. झाडांच्या हरितलवकात आता शंभर-सव्वाशे जनुकं उरलीत आणि त्याला प्रथिनं लागतात दोन-तीन हजार, बाकीची सगळी केंद्रकाच्या ऑर्डरवर बाहेरून बनून येतात. लाल शैवालाच्या हरितलवकात जनुकं जरा जास्त असतात, पण तरी पुरत नाहीत. म्हणजे हॅमस्टरच्या पेशीत तो सुट्टा गेला तेव्हा सोबतच्या शिदोरीवर दोन दिवस चालला, पार्ट खराब झाले, नवे पाठवायला तिथे कुणी नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एक समुद्री गोगलगाय, एलिसिया क्लोरोटिका, शैवालातले हरितलवक शोषून कित्येक महिने हिरवी राहते, तिला ते कसं जमतं यावर अजून वाद चालू आहेत.

मग हा खटाटोप कशाला? उन्हावर पोट भरायला नाहीच. लॅबमध्ये त्वचा किंवा मांस वाढवताना थरांवर थर चढले की आतल्या पेशी ऑक्सिजनवाचून मरतात, तिथे मध्येमध्ये हरितलवकवाल्या पेशी असल्या आणि उजेड दिला तर ऑक्सिजन आतच तयार होईल, असा त्यांचा विचार आहे. अजून झालेलं नाही, विचार आहे.

काकांसाठी मी हिशोबही केला, लाइट बिलाच्या भाषेत. एका चौरस मीटरवर आपल्याकडे दिवसभरात साधारण ५ युनिट ऊन पडतं, म्हणजे ४३०० कॅलरी, त्यातलं झाडासारखं एक टक्का पकडलं तर ४३. माणसाची उन्हाकडची बाजू धड एक चौरस मीटरही नसते, म्हणजे दिवसभर गच्चीत भाजून हातात अर्धी पोळी. दोन हजार कॅलरी हव्यात तर पाचशे स्क्वेअर फूट हिरवी कातडी लागेल, एक वनबीएचके अंगावर पांघरून हिंडा. झाडाला हालचाल करायची नसते म्हणून त्याला हे परवडतं.

माझं मागणं फार नाही. पुढच्या रविवारी चार ओळींचा खुलासा छापा, त्यात हरितलवक हा शब्द नीट लिहा आणि दोन दिवस हे आकड्यासकट येऊ द्या. फोटोच हवा असेल तर हायड्रिलाचं पान मायक्रोस्कोपखाली धरून काढा, माशांच्या टाकीतसुद्धा मिळतं, थोडा वेळ उजेडात ठेवलं की हरितलवक पेशीच्या कडेकडेने देवळात प्रदक्षिणा घालावी तसे सरकताना दिसतात. माझ्याकडे जुना मायक्रोस्कोप आहे, आरसा जरा डुगडुगतो पण चालतो. तुमच्या बातमीदाराला सकाळी दहानंतर पाठवा, आधी खिडकीत ऊन येत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज