नवशिक्या गळ्याला त्याच्या पट्टीत गाऊ द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव, नवरात्र आणि त्यापाठोपाठ शाळांची स्नेहसंमेलने असा गायनस्पर्धांचा हंगाम आपल्याकडे दर वर्षी येतो, आणि तो सरला की आवाज बसलेली, घसा ओढला जातो अशी तक्रार करणारी मुले आणि प्रौढ माणसे आमच्यासारख्या संगीतशिक्षकांच्या दारात उभी राहतात. त्यांतल्या बहुतेकांचा गळा मुळात चांगला असतो. अनेक वर्षे शिकवल्यानंतर माझे असे स्पष्ट मत झाले आहे की, नव्याने गाऊ लागलेल्या माणसाच्या गाण्यात सहजता, जोम आणि आत्मविश्वास न येण्याचे सर्वांत मोठे कारण त्याला परक्या पट्टीत, म्हणजे त्याच्या गळ्याला न झेपणारा स्वर ‘सा’ धरून, गायला लावणे हे आहे, आणि हे कारण दूर करण्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही. म्हणूनच या विषयाकडे आयोजक, परीक्षक, शिक्षक आणि पालक यांचे लक्ष आपल्या पत्राद्वारे वेधू इच्छिते.

आता बहुतेक स्पर्धांमध्ये वादक नसतात, त्यांची जागा कराओके ट्रॅकने घेतली आहे. ट्रॅक मूळ ध्वनिमुद्रिकेच्या पट्टीत असतो. समजा, एखाद्या पुरुष गायकाचे भावगीत काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून, आहे आणि ते काळी चार ही सोयीची पट्टी असलेल्या मुलीने निवडले. खालच्या सप्तकात गायचे तर मंद्रातले, म्हणजे मधल्या ‘सा’च्या खालचे, स्वर तिच्या गळ्यात उतरतच नाहीत, आणि वरच्या सप्तकात गायचे तर अंतऱ्यात, म्हणजे वरच्या स्वरांत जाणाऱ्या कडव्यात, तिची दमछाक होते. आकड्यांत सांगायचे, तर तिच्या स्वतःच्या पट्टीत तारषड्ज, म्हणजे वरचा ‘सा’, लावताना स्वरतंतू सेकंदाला सुमारे ४१५ वेळा एकमेकांवर येऊन मिटतात, आणि परक्या पट्टीतल्या त्याच जागेसाठी सुमारे ५५४ वेळा. कसलेली गायिका हा फरक निभावून नेते. जिचे शिकणे जेमतेम सुरू झाले आहे, ती मात्र गळा आवळून आणि श्वासाचा मारा वाढवून तो स्वर कसाबसा गाठते. श्रोत्यांना ती ओरडल्यासारखी वाटते, परीक्षक ‘वरचे स्वर कच्चे’ असा शेरा लिहितात आणि मुलगी आपला आवाजच वाईट आहे, अशी समजूत करून घरी जाते.

अशीच एक चौदा वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. तिने अंतरा सुरू केला की हनुवटी वर उचलली जाई, मानेच्या शिरा ताणल्या जात, खांदे कानांपर्यंत येत आणि जिभेचे मूळ मागे ओढले गेल्यामुळे ‘आ’काराचा निम्मा ‘अ’ होई. मी तिला गाणे थांबवून नुसते बोलायला लावले, मग तोंड मिटून हुंकार द्यायला सांगितले आणि तो हुंकार जिथे आपोआप स्थिरावला त्याच्या आसपास तानपुऱ्याचा षड्ज लावला. तेच गाणे त्या पट्टीत, आधी नुसत्या ‘आ’कारात आणि मग शब्दांसह, निम्म्या आवाजात म्हणायला लावल्यावर हनुवटी जागेवर राहिली. तिची आई शेजारी बसली होती. ‘ही घरी काम करताना अशीच गाते हो,’ असे ती म्हणाली. घरी काम करताना ती आपल्याच पट्टीत गात असते, हे उघड आहे.

क्लासांमध्येही हीच अडचण वेगळ्या रूपाने दिसते. पंधरा-वीस जणांच्या तुकडीत मुले, मुली आणि निवृत्तीनंतर हौसेने शिकायला आलेले काका-काकू एकत्र बसतात आणि पेटी एकाच पट्टीत वाजते. सोय म्हणून हे समजण्यासारखे आहे, पण त्यात निम्म्या लोकांना आपला षड्ज कोणता, हेच वर्षभर कळत नाही. किमान दर आठवड्याला प्रत्येकाने पाच मिनिटे एकट्याने, आपल्या पट्टीत, तानपुऱ्याबरोबर गावे. आता तानपुऱ्याचे ॲप मोबाइलवरही असते, त्यामुळे ज्याला प्रत्यक्ष वाद्य परवडत नाही त्याचेही अडत नाही. पट्टी ठरवताना मंद्र पंचम (खालचा ‘प’) आणि तार गांधार (वरचा ‘ग’) हे दोन्ही स्वर गळ्यावर जोर न देता लागतात का, हे पाहावे. ते लागत नसतील तर अर्धा-एक स्वर खाली किंवा वर सरकण्यात कमीपणा कसला? पांढरी चारमध्ये गाणारी काळी पाचवालीपेक्षा उणी ठरत नाही, परंतु उंच पट्टी म्हणजे मोठे गाणे ही समजूत पालकांच्याच नव्हे, तर काही शिक्षकांच्या मनातही घट्ट बसलेली आहे.

खर्जाच्या, म्हणजे खालच्या स्वरांच्या, मेहनतीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. पहाटे मंद्र षड्जावर ठरायचे, ही आपल्या परंपरेची फार मोलाची देणगी आहे, कारण खालच्या स्वरांत स्वरतंतू सैल आणि जाड राहतात आणि गळ्याला दमून न जाता सूर धरून ठेवण्याची सवय लागते. मात्र नवशिक्याला खर्ज म्हणजे आवाज खाली रेटणे असे वाटते, आणि मग तो हनुवटी छातीला टेकवून घरघर काढतो. जिथे आवाज स्वच्छ उतरतो तिथेच थांबावे, पुढचा स्वर काही महिन्यांनी आपोआप मिळतो. दीर्घ सूर धरण्याच्या बाबतीतही तेच आहे. घड्याळ लावून तीस-चाळीस सेकंद षड्ज धरण्याची चढाओढ मी अनेक ठिकाणी पाहते. श्वास संपत आल्यावर शेवटच्या सेकंदांत गळा पिळवटून काढलेला सूर ही साधना नव्हे. सूर स्थिर आहे तोवरच तो सोडून द्यावा, श्वास घ्यावा आणि पुन्हा लावावा. असे केले म्हणजे दम हळूहळू वाढतोच, शिवाय प्रत्येक सुराची सुरुवात हलकी होते, आणि गाण्यातली सहजता बहुतांशी सुराच्या सुरुवातीवर अवलंबून असते.

गाण्यातला जोम हा मोठ्याने गाण्यातून येत नाही. तो बसण्यातून आणि श्वासातून येतो. पाठीचा कणा वाकवून मांडी घातली की पोट दाबले जाते आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकतो. आसनाच्या मागच्या बाजूला घडी घातलेली चादर ठेवली तरी कमरेला उभारी येते. बरगड्या बाजूंनी फुगाव्यात, खांदे हलू नयेत, एवढे सुरुवातीला पुरे. रियाजाच्या आधी ओठ फुरफुरवत किंवा साध्या स्ट्रॉमधून ‘ऊ’ असा आवाज काढत खालून वर आणि वरून खाली घसरत जाण्याचा व्यायाम पाश्चात्त्य गायनशिक्षक आणि वाचोपचारतज्ज्ञ करून घेतात, तो आपल्यालाही उपयोगी आहे. तोंडाची वाट अरुंद झाल्यामुळे आत तयार होणारा हवेचा दाब स्वरतंतूंना आधार देतो आणि ते एकमेकांवर कमी आदळतात. यामुळे आपल्या गायकीत काही परके शिरेल, ही भीती अनाठायी आहे. आवाजाचे शरीरशास्त्र आपल्याकडे कोणी अभ्यासले नाही असेही नाही. १९२५ साली मुंबईत संगीतविद्यालय सुरू करणारे प्रा. बी. आर. देवधर यांनी आवाजाच्या जोपासनेचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि पुढे डॉ. अशोक दा. रानडे यांनीही या विषयावर मौलिक काम केले. ते काम आमच्या क्लासांपर्यंत फारसे पोहोचलेले नाही, याचे मला मनापासून दुःख आहे.

देवधरांचेच शिष्य कुमार गंधर्व यांना ऐन तारुण्यात क्षयाने गाठले, अनेक वर्षे गाणे थांबले, आणि आजारातून उठल्यावर उरलेल्या श्वासात बसतील अशा छोट्या, नेमक्या स्वरवाक्यांतून त्यांनी आपले गाणे पुन्हा उभे केले. त्यांच्याही आधी, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांचा आवाज अतिश्रमाने बिघडला आणि बदललेल्या आवाजाला साजेशी गायकी त्यांना नव्याने घडवावी लागली. एवढ्या मोठ्या गवयांनी आपल्या गळ्याला काय झेपते, हे ओळखून गाणे बांधले. मग सहा महिने शिकलेल्या मुलाने दुसऱ्याच्या गळ्यासाठी बांधलेले गाणे, दुसऱ्याच्याच पट्टीत, तंतोतंत म्हणावे, असा आग्रह आपण कोणत्या आधारावर धरतो?

आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांबद्दल मला अधिक काळजी वाटते. साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षांत मुलांचे स्वरयंत्र वाढते आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. या काळात कालपर्यंत बक्षिसे मिळवणारा मुलगा एकाएकी चिरकू लागतो, आणि भोवतालची मंडळी हसतात. गाणे पूर्ण बंद करण्याची गरज नसते. जे पाच-सहा स्वर सहज लागतात तेवढ्यातच, हलक्या आवाजात गावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी पट्टी पुन्हा तपासावी. भजनी मंडळात जाणाऱ्या मुलांना तिथे फार मोठा आधार मिळतो, कारण टाळकऱ्यांच्या मेळ्यात धृपद उचलताना एखाद्याचा सूर हलला तरी तो एकटा उघडा पडत नाही. मात्र आपली भजने उंच पट्टीत चालतात, तेव्हा अशा मुलाने खालच्या सप्तकात साथ केली तरी चालेल, हे बुवांनी त्याला स्वतःहून सांगावे.

आत्मविश्वास पाठ थोपटून येत नाही. गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसायचे, बराच काळ नुसते ऐकायचे आणि गुरूने मान वळवून खूण केली की एखादी जागा भरायची, या जुन्या रीतीत सभाधीटपणाचे सगळे शिक्षण होते. शिष्य श्रोत्यांसमोर असे, पण मैफलीचा भार त्याच्यावर नसे. आज आपण मुलाला थेट एकट्याने, झगझगीत उजेडात, अनोळखी ध्वनियंत्रणेवर उभे करतो. क्लासमध्ये महिन्यातून एकदा चार-पाच जणांची बैठक घेऊन प्रत्येकाने एक स्थायी, म्हणजे गाण्याचा पहिला भाग, म्हणायची आणि पुढे शिक्षकाबरोबर अंतरा गायचा, एवढे केले तरी भीड चेपते. परीक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे की, त्यांनी दोष ध्वनिक्षेपकावरून सांगू नयेत. एका स्पर्धेत ‘तू गाण्याऐवजी दुसरे काहीतरी कर’ असे भर मंडपात ऐकलेली मुलगी मी पाहिली आहे. तिचा सूर चांगला होता आणि ट्रॅक तिच्या पट्टीच्या चार स्वर वर होता. ती आता गात नाही.

ज्येष्ठमध, खडीसाखर, गरम पाणी यांविषयी पालक फार विचारतात. त्यांनी घशाला बरे वाटते, पण गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंवर पडत नाही. त्यापेक्षा दिवसभर थोडे थोडे पाणी पिणे आणि सारखे खाकरणे टाळणे अधिक महत्त्वाचे. आवाज दोन-तीन आठवडे घोगराच राहिला, तर घरगुती उपाय थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

आयोजकांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. स्पर्धेच्या प्रवेशअर्जावर स्पर्धकाच्या पट्टीसाठी रकाना ठेवावा आणि ट्रॅक त्या पट्टीत आणून वाजवावा. ही सोय साध्या मोबाइल ॲपमध्ये असते आणि तिला मिनिटभरही लागत नाही. ‘मूळ पट्टीतच गावे’ अशी अट जिथे असेल तिथे ती काढून टाकावी, आणि मूळ गायकाशी साम्य किती यासाठी गुण न ठेवता सूर, लय आणि शब्दोच्चार यांना गुण द्यावेत. तिसरे म्हणजे, गाण्याआधी प्रत्येकाला बाजूच्या खोलीत तानपुऱ्यावर पाच मिनिटे आवाज लावून घेऊ द्यावा. यंदाच्या स्पर्धांची पत्रके अजून छापली जायची आहेत, म्हणून हे पत्र आताच पाठवत आहे. ज्या मंडळांना पट्टी ठरवण्यासाठी मदत हवी असेल, त्यांच्याकडे गावातले आम्ही संगीतशिक्षक आनंदाने आणि विनामूल्य येऊ.

आपली विश्वासू,
एक संगीतशिक्षिका, मिरज