कन्ना चौकातल्या अण्णांना

अण्णा, सा. न. वि. वि.

मी ती लाल सॅकवाली. तुम्ही दुकान बंद करत होतात आणि मी खांद्याचा पट्टा मुळापासून उसवलेली सॅक घेऊन दारात उभी. कर्नाटक एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सकाळची.

जिथून सॅक घेतली, त्यांनी "मॅडम, वजन जास्त घातलं असणार" म्हणत हात झटकले. सॅकेत वजन नाही तर काय घालायचं? आणखी दोघांनी सॅक बघितलीच नाही, मलाच बघितलं. एकटी? डोंगरात? घरचे सोडतात?

तुम्ही एकच विचारलंत, "किती किलो भरणार?"

बारा म्हटलं. तुम्ही पट्टा शिवलात, सॅकेत चिंध्यांची गाठोडी आणि इस्त्री कोंबलीत, पाठीवर घेतलीत आणि या वयात चौकापर्यंत चालून आलात. "डावा खांदा ओढतोय." पुन्हा उसवलंत, आतून पट्टी लावलीत, पुन्हा शिवलंत. मी नुसती बघत होते.

वर ते दाभण. अगरबत्तीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्याला गुंडाळलेला मेणाचा दोरा, त्यात खुपसलेलं. मी जरा वैतागूनच म्हटलं, अण्णा, कशाला उगाच? तर म्हणालात, "वर कोण बसलाय शिवायला?"

खरंच कोणी नव्हतं. करेरी तळं हिमाचलातल्या धौलाधार डोंगररांगेत, जवळपास २,९०० मीटरवर. इकडे सोलापूर तापलेलं आणि तिकडे मेच्या सुरुवातीला काठावर बर्फ. गद्दी मेंढपाळही अजून वर आले नव्हते. शंकराचं छोटं देऊळ, पाणी आणि मी. रात्री खिंडीकडून वारा सुटला आणि तंबूची दोरी अडकवायचा कापडी फासच उसवला. एक बाजू फडफडायला लागली. डोक्याला बॅटरी, बोटं बधिर, दाभण दोनदा बर्फात पडलं. नऊ टाके घातले, नऊही वाकडे. सकाळपर्यंत टिकले. तुमच्या पट्ट्याचा तर दोराही हलला नाही.

मदत करणारे भेटतात हो, पण सोबत शहाणपणाचा डोसही पाजतात. तुम्ही नुसतं काम केलंत, आणि तेही माझ्या पाठीचा विचार करून. पैसे किती, तर साठ रुपये!

गुरुवारी संध्याकाळी येते. दाभण वाकलंय, नवं आणते. पुठ्ठा मात्र परत मिळणार नाही.

तुमची,
लाल सॅकवाली