गोष्ट ऐकायची की बोटाने खेळायची?

महोदय,

बालवाडीच्या मुलांना बोट लावताच बोलणारी, हलणारी डिजिटल पुस्तके द्यावीत, असा आग्रह हल्ली पालकसभांतून होताना दिसतो. माझी पाच वर्षांची नात अशाच एका गोष्टीत कोल्ह्याच्या शेपटीला सारखे बोट लावत होती. शेपूट हलली की घंटा वाजे. पण कोल्हा विहिरीत कसा पडला, हे विचारल्यावर ती गप्पच राहिली. दोष तिचा नाही, पुस्तकाच्या रचनेचा आहे.

नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठातील संशोधकांनी ४३ अभ्यास एकत्र तपासून २०१५ साली जे मांडले, तेही हेच सांगते: कथेला धरून असलेली हलती चित्रे आणि ध्वनी यांनी मुलांचे आकलन व शब्दसंग्रह वाढतो, मात्र मध्येच घुसवलेले खेळ त्यांना गोष्टीपासून दूर नेतात. म्हणून डिजिटल पुस्तके सरसकट नाकारणे मला मान्य नाही. 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात, आणि ज्या वाडीवर ग्रंथालय नाही तिथे हे फार मोलाचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडद्याची मर्यादा सांगितली आहे. तेवढ्या वेळात तरी मोठ्या माणसाने शेजारी बसून "आता पुढे काय होईल?" असे विचारावे, आणि प्रकाशकांनी गोष्ट चालू असताना खेळ बंद ठेवण्याची सोय द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक आजी, सातारा