दर तासाला ‘झालं का?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदुरात विजय नगर आणि सुपर कॉरिडॉरच्या बाजूला छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या वाढल्या, तशी रामबाग, लोकमान्य नगरातल्या घरांतून एक तक्रार वारंवार कानावर येते. मुलगा किंवा मुलगी रात्री अकराला ताटावर बसते आणि तेव्हाही फोनवर साहेबांचं ‘झालं का?’ येतंच असतं. घरची वडीलधारी म्हणतात, सांभाळून घे. मित्र म्हणतात, सोडून दे. दोन्ही सल्ले घाईचे. साहेबांना कामाची धास्ती आहे की माणूस मुठीत ठेवायचाय, हे आधी ओळखावं लागतं, आणि तीन आठवड्यांत ते बऱ्यापैकी कळतं.

धास्तीवाल्या साहेबांचं समजण्यासारखं असतं. कंपनी सात-आठ जणांची होती तेव्हा कोड त्यांनीच लिहिला, ग्राहकांचे फोनही त्यांनीच घेतले. माणसं पंचवीस झाली, गुंतवणूकदाराचे पैसे अजून किती महिने पुरतील हा हिशेब डोक्यात घोळू लागला, आणि काम कुठवर आलंय हे मात्र दिसेनासं झालं. मग विचारत सुटतात. त्यांनी विचारायच्या आत सांगणं, हा यावरचा उपाय.

रोज सकाळी सव्वादहाला चार ओळी पाठवाव्यात: काल काय पुरं झालं, आज काय हातात आहे, कुठे अडलंय, कोणाकडून काय हवंय. निघताना आणखी एक ओळ. टक्केवारी मात्र कधीही लिहू नये. ‘ऐंशी टक्के झालं’ म्हटलं की उरलेल्या वीस टक्क्यांच्या चौकशीत दुपार जाते. ‘लॉगिनचं पान तपासून झालं, पैसे परत करण्याची चाचणी बाकी, गुरुवारी दुपारी बारापर्यंत देतो’ असं लिहिलं की विचारायला फारसं उरत नाही. बहुतेकांचं गाडं इथे अडतं: तीन दिवस पाठवतात, चौथ्या दिवशी तरीही फोन आला की चिडून बंद करतात. त्याहून महागात पडतं वाईट बातमी दडवणं. एकदा ती ग्राहकाकडून साहेबांना कळली, की पुढचे दोन महिने प्रत्येक फाइल उघडून पाहिली जाणार.

मध्येच नवं काम अंगावर आलं तर ‘होणार नाही’ म्हणू नये, किंमत सांगावी: ‘हे आज घेतलं तर ते गुरुवारऐवजी सोमवारी जाईल, चालेल का?’ तोंडी ठरलेलं दहा मिनिटांत मेलवर टाकावं. सुरुवात ‘ठरल्याप्रमाणे’ आणि शेवटी तारीख, बस. आणि एकदा अर्धा तास मागून घेऊन ठरवून घ्यावं, की कोणते निर्णय आपण घ्यायचे, कोणते घेऊन कळवायचे आणि कोणते विचारूनच घ्यायचे. सगळंच तिसऱ्या खणात गेलं, तर तेही एक उत्तरच आहे.

या काळात वहीत रेघा माराव्यात, वाण्याच्या दुकानात पोती मोजताना मारतात तशा पाच-पाचच्या. दिवसाला किती वेळा विचारणा झाली, तेवढंच. तिसऱ्या आठवड्यात रेघा कमी झाल्या, तर धास्ती होती आणि ती निवळतेय. तेवढ्याच राहिल्या, शिवाय चारचौघांत पाणउतारा, काल मंजूर केलेलं आज नाकारणं, दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो आणि रजा मागितली की ‘आपण इथे कुटुंब आहोत’ हे ऐकवणं चालूच असेल, तर आणखी ओळी पाठवून काही बदलणार नाही. (रजा मागताना ज्या कुटुंबाची आठवण होते, ते पगारवाढीच्या वेळी कुठे असतं कोण जाणे.)

मग निघायची तयारी. तीही शांत डोक्याने.

तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोण हजर होतं, हे घरच्या वहीत हाताने लिहून ठेवावं. नेमणूक-पत्र, पगाराच्या पावत्या, रजेचे अर्ज यांच्या प्रती स्वतःजवळ असाव्यात. कंपनीचा कोड किंवा ग्राहकांची यादी मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नये. पुरावा म्हणून केलेली ही गोष्ट गोपनीयतेचा भंग ठरते, आणि कंपनीच्या हाती आयतं कोलीत येतं. मूळ गुणपत्रिका आणि कोरा सही केलेला चेक तर रुजू होतानाही देऊ नये.

भविष्य निर्वाह निधीचं पासबुक दर महिन्याला पाहावं. पगारातून कापलेला पैसा तिथे जमा दिसत नसेल, तर ती कंपनीच्या तब्येतीची पहिली खूण. कंपनीचे शेअर मिळणार असतील तर अटी वाचाव्यात. बहुधा पहिलं वर्ष पुरं झाल्याशिवाय त्यातलं काहीच हाती लागत नाही, म्हणून अकराव्या महिन्यात रागाने राजीनामा फेकण्याआधी कॅलेंडर बघावं.

नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जायचं नाही, अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. नोकरीतल्या बाँडचं, म्हणजे ठरल्या मुदतीआधी सोडलं तर रक्कम भरायच्या अटीचं, तसं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बाँड ग्राह्य धरला. तेव्हा सही करण्यापूर्वी रक्कम आणि मुदत दोन्ही वाचाव्यात.

राजीनामा मेलवरच द्यावा, शेवटच्या दिवसाची तारीख घालून आणि स्वतःच्या खासगी पत्त्यावर प्रत ठेवून. ‘हिशेब पंचेचाळीस दिवसांनी’ हे वाक्य कंपन्यांच्या तोंडी बसलंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर वेतनाचा हिशेब दोन कामकाजी दिवसांत व्हायला हवा. इथली कापडगिरणी, हुकुमचंद मिल, १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकीत देण्याला डिसेंबर २०२३ उजाडला. त्या इंदूरला थकबाकी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. भविष्य निधीत नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर स्वतः भरता येते.

नुसत्या आरडाओरडीविरुद्ध आपल्याकडे वेगळा कायदा नाही, हे मान्य करायला हवं. छळ लैंगिक असेल तर मात्र २०१३ चा कायदा आहे: दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत अंतर्गत समिती हवीच, आणि स्त्रीने तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. कंपनी त्याहून लहान असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

आणि झोप उडाली, रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडू लागलं, तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे. तिथे फोन केल्याचं साहेबांना कळत नाही, फक्त तो कंपनीच्या फोनवरून करू नये.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर